धुऱ्यावरची तूर

नववी 'ब'. फळ्यावर मी लिहिलं: कडवं.
मागच्या बाकावरून आवाज आला, "कारल्यावानी का जी?"
वर्ग हसला. मीही.
मग पुस्तकातली व्याख्या उतरवून दिली,
काही चरणांचा समूह, इत्यादी.
'इत्यादी' त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

हेमकला मेंढे हात वर करत नाही,
उभीच राहते.
"बाई, म्हंजे बांधी."

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी तिच्या बापामागून निघाले,
इस्तारी, मामा तलावाचा पाणकर,
खांद्यावर फावडं, पायात काही नाही.
धान निसवायला आलेलं, तलावाचं पाणी सुटलेलं.
एक बांधी परातीएवढी, एक नुसतीच चिंचोळी,
एक अशी, जशी कुशीवर निजलेली म्हैस.
मी विचारलं, सगळ्या सारख्या मापाच्या का नाही केल्या?
त्यानं फावडं धुऱ्यावर टेकवलं.
"पानी सारखं उभं रायलं पायजे, बाई.
धुरा वाकला तं वाकू द्या."

वीस वर्षं मी उलटं शिकवत होते.

धुऱ्यावर तूर होती, कमरेइतकी.
दोन कडव्यांमधली मोकळी ओळ
मी नेहमी मोकळीच समजले;
इथे तर वर्षाच्या वरणाची सोय.

सोमवारी पुस्तक मिटून ठेवलं.

तीन बाया चिखलात,
परे धरून हातात,
बोलणं अर्धं पोटात;
चौथी गेली घरी.

"ही ओवी. शेवटचा चरण आखूड का?"
"बाई, तिचं लेकरू तान्हं असंन."
हे कारण बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

सहा सहा सहा
मग चार पाय
थांबे जशी गाय
दारापाशी

"हा अभंग." भोजराजनं बोटांवर अक्षरं मोजली,
मग खात्रीसाठी गाईचे पायही.

श्लोक शिकवावाच लागला नाही.
खिडकीबाहेर लांजेवारांचं डिझेल इंजन
लगागा लगागा लगागा लगागा
म्हणत होतं, दर चौथ्या ओळीला खोकत.
नियम तोडल्याची खूण म्हणून मी खोकल्याकडे बोट दाखवलं.
मुक्तछंद मात्र त्यांना पटेना.
"धुराच नाई तं पानी थांबंन कसं?"
मी म्हटलं, नदीलाही काठ असतात,
फक्त ते कुणी बांधलेले नसतात.
अर्धा वर्ग मान्य, अर्धा चूलबंदच्या पुरात
ज्यांचं धान वाहून गेलं त्यांच्या घरचा.

सुनीतापाशी घोळ झाला.
चौदा ओळी, मी म्हटलं, आठ आणि सहा अशी वाटणी.
वाटणी हा शब्द आला आणि वर्ग गप्प.
थोरल्याला आठ का, असंही कुणी विचारलं नाही.
हेमकला त्या दिवशी उभी राहिली नाही.

दिवाळीचा गृहपाठ दिला: आपल्या शेतावर कविता, कडवी पाडून.
बहुतेकांनी एकमेकांची हिरवळ उतरवली होती.
हेमकलेच्या वहीत पाच आकडे.
पहिल्याखाली चार ओळी, दुसऱ्याखाली सात,
कारण तिकडे उतार आहे.
तिसऱ्याखाली काही नाही,
नुसता आकडा, टिंब, आणि तेवढीच जागा सोडलेली,
पट्टीनं मोजून.
चौथ्यात बगळे, पाचव्यात गोळा केलेल्या गोगलगायी,
शेवटची ओळ समासात शिरलेली.

मधल्या सुट्टीत बोलावलं.
"तिसरं कुठाय?"
"ते काकाच्या हिश्शात गेलं."
"मग आकडा तरी कशाला ठेवलास?"
तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं इस्तारीनं पाहिलं होतं
फावडं टेकवताना.
"बाई, चौथ्यात पानी तिथूनच येते."

मूल्यमापनाच्या तक्त्यात एक रकाना असतो:
कडव्यांची संख्या.
मी पाच लिहिलं.